गजभियेकाकांची अर्धी फेरी

गजभियेकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा 'नमस्कार' म्हणायच्या आधी त्यांनी आमचं पुढचं दार चार वेळा उघडून बंद केलं. मी हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभी, माझा नवरा श्रीकांत 'या ना, या ना' करत उभा, आणि काका डोळे मिटून, कान बिजागरीजवळ नेऊन दार हलवताहेत. मग त्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून पेचकस काढला, वरच्या बिजागरीचा एक स्क्रू किंचित फिरवला, पाचव्यांदा दार लावलं आणि आमच्याकडे पाहून हसले.

"अर्धी फेरी," ते म्हणाले. "नमस्कार. मी गजभिये. सात नंबर."

ते दार आम्ही तीन वर्षं खांद्याने ढकलून लावत होतो. 'दार – माणूस बोलावणे' ही ओळ माझ्या फ्रिजवरच्या यादीत तीन वर्षं होती. मी याद्या करणारी बाई आहे. गोदामात कुठला ट्रक किती वाजता कुठल्या दाराशी लागेल हे ठरवायची माझी नोकरी, आणि घरीही मी वेगळं काही करत नाही. यादीतली ओळ मी कधी दुसऱ्याला खोडू देत नाही. त्या दिवशी मात्र पेन काकांच्या हातात दिलं. त्यांनी ओळ खोडली आणि पेनचं टोपण ढिलं आहे असं सांगितलं.

टोरांटोपासून तासाभरावरच्या किचनरमधला आमचा कोर्ट म्हणजे एक बंद गल्ली, चौदा घरांचा अर्धगोल. काका नागपूरचे. सत्तरच्या दशकात इकडे आले, एका यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीस-एक वर्षं तपासनीस होते आणि निवृत्त झाले. म्हणजे कारखान्याने केलं. ते स्वतः झाले नाहीत. कोर्टातली प्रत्येक वस्तू आपल्या तपासणीखाली आहे, असंच ते धरून चालत. त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं आणि ते कुणालाही, न विचारता, ऐकायला मिळे.

"जगात काही बिघडत नसते जी. सगळं अर्धी फेरी ढिलं असते, नाहीतर अर्धी फेरी घट्ट असते. लोक पुरी फेरी मारतात आन् मग म्हणतात, तुटलं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. पलीकडच्या डगचा स्नोब्लोअर, बर्फ उडवायचं यंत्र, थंडीत चालू होईना. डग सत्तरी ओलांडलेला, रेल्वेतून निवृत्त झालेला. दोरी ओढून ओढून तो लाल झाला होता. काका रस्ता ओलांडून गेले, यंत्राच्या अंगावर हात ठेवून एक मिनिट उभे राहिले, डॉक्टर पोट तपासतात तसे, आणि कुठलासा स्क्रू फिरवला. पहिल्याच ओढीला यंत्र धडधडलं. डग त्यांना तेव्हापासून नावाने हाक मारतच नाही. "मॉर्निंग, हाफ-टर्न!" असं ओरडतो.

एका एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला काकांनी आम्हाला नेलं. टोरांटोहून आलेले एक प्राध्यापक बोलत होते. माईकचा स्टँड हळूहळू खाली सरकत होता आणि प्राध्यापक बोलता बोलता त्याच्याबरोबर वाकत होते. पंधरा मिनिटांत ते जवळजवळ टेबलावर हनुवटी टेकून समतेवर बोलत होते. सगळे बघत होते, उठत कुणी नव्हतं. काका उठले, सरळ स्टेजवर गेले, स्टँड वर केला, पेच पिळला, आणि माईकमध्येच म्हणाले, "अर्धी फेरी. चालू द्या सर." टाळ्या भाषणाला पडल्या की त्याला, हे प्राध्यापकांनाही कळलं नसावं.

सांगायचा मुद्दा, या माणसाच्या हाताखाली काही बिघडलेलं राहत नसे. मी त्यांच्याकडे पाहायची ते लहानपणी जादूगाराकडे पाहतात तसं. त्यामुळेच दोन हजार सोळाच्या हिवाळ्यात जे झालं त्याचा मला उलगडा होईना.

काकांकडे एक जुनी ब्रिटिश बनावटीची मोटरसायकल आहे. कुठल्याशा शेतकऱ्याच्या कोठारातून त्यांनी ती तीन खोक्यांत भरून आणली आणि बेसमेंटमध्ये दोन वर्षं जुळवली. जुळल्यावर ती बेसमेंटच्या जिन्यातून वर येईना, म्हणून पुन्हा सोडवून गॅरेजमध्ये जुळवली. "बरं झालं," काका सांगतात, "पहिल्यांदा एक वायसर उलटा बसला होता." दरवर्षी मेच्या पहिल्या रविवारी ते आणि विमलकाकू या गाडीवरून जुन्या पद्धतीने शेती करणाऱ्या मेनोनाइट लोकांच्या शेतांकडे जात आणि अंडी नि मेपल सिरप घेऊन येत. काकूंचं लाल हेल्मेट गॅरेजमध्ये स्वतंत्र खुंटीला असे. त्याला ते हातही लावू देत नसत.

त्या वर्षी सप्टेंबरात काकूंना पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं. कोर्टातल्या काही जणांच्या मते ते अंमळ वाढलंच. चालणं महिन्याभरात जागेवर आलं. डावा हात मात्र येईना. बोटं मिटत, पण त्यांच्यात पकड नव्हती. फिजिओथेरपीच्या बाईंनी एक निळा रबरी चेंडू दिला. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. काकूंनी तो कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवला.

"मी काय लहान लेकरू आहो का, चेंडू खेळाले?" त्या मला म्हणाल्या.

त्यांचा मुलगा प्रशांत टोरांटोजवळ वॉनला असतो. तो रोज फोन करी. "आई, जस्ट डू द बॉल!"

"तूच कर. तुलेच पोट आलं आहे."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की पकड परत यायची तर या सहा-आठ महिन्यांतच, पुढे अवघड. प्रशांत एका शनिवारी आला आणि सरळ विषयाला हात घातला. "बाबा, आई आता मागे धरून बसू शकत नाही. तुम्ही एकटे कुठे जाणार? विकून टाका. मी ऑनलाइन टाकतो, एका आठवड्यात जाईल."

मी तिथेच होते, डबा परत द्यायला आलेले. काकू काहीच बोलल्या नाहीत. काकू बोलल्या नाहीत ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवावी इतकी दुर्मीळ होती. काका म्हणाले, "मेचा पहिला रविवार होऊ दे. क्लच बिघडून राहिला आहे. तो बसला तर ठेवू. नाही बसला तर तू म्हणशील तसं."

क्लच म्हणजे हँडलच्या डाव्या बाजूचा तो दांडा. तो दाबला की इंजिन आणि चाक यांची फारकत होते, सोडला की पुन्हा जोडणी. दरवर्षी मी काकांना तो एका दुपारच्या चहाच्या आत ठीक करताना पाहिलं होतं. तर या वर्षी काय झालं? डिसेंबरात त्यांनी इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं, आतल्या चकत्या उघड्या पडल्या, पोळ्यांची चवड असते तशा, आणि ते झाकण पुढे पाच महिने गॅरेजच्या फळीवर पडून राहिलं.

रोज सकाळी दहाला काका छोटा हीटर लावून गॅरेजमध्ये बसत आणि घराकडे तोंड करून हाक मारत.

"विमल, जरा दाबून पाहा न!"

"अवो, काल तं दाबला!"

"काल वेगळा होता. माझा हात आता निबर झाला, मले फरक समजत नाही. तुझा हात नवा आहे."

काकू पायऱ्या उतरत, कुरकुरत, अंगावर शाल घेऊन, डाव्या हाताने दांडा दाबत. "उजव्यानं नाही जी, क्लच डाव्याचाच असते," हे काका रोज सांगत. एकदा दाबून भागत नसे. आता हळू दाब, आता धरून ठेव, आता सोड, पुन्हा एकदा, केबल गरम होऊ दे. काकू म्हणत, "तुमच्यानं एक क्लच होऊन नाही राहिला बाप्पा, आन् दुनियेचे दरवाजे बसवत फिरता."

रविवारी आम्हा सगळ्यांची पाळी. काकूंच्या जोडीला डग, मी, श्रीकांत, आमची मुलगी ईशा. एकेकाने डाव्या हाताने दाबायचं आणि मत द्यायचं. काका मला म्हणाले, "ताई, तुमची ती वही आणा न. शास्त्रीय पद्धतीनं करू." वहीचं नाव काढलं की मला दुसरं काही लागत नाही. मी रकाने आखले: तारीख, नाव, शेरा. सगळ्यांची मतं घेतली की काका आम्हाला पाठवून देत आणि काहीतरी फिरवत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

आणि क्लच सुधारायच्या ऐवजी बिघडत चालला.

डिसेंबरात तो लोण्यासारखा होता. माझ्या शेऱ्यात तोच शब्द आहे. जानेवारीत ईशा म्हणाली, "काका, इट्स गेटिंग स्टिफर." फेब्रुवारीत डगने दात आवळून दाबला आणि संधिवाताच्या नावाने एक शिवी दिली. श्रीकांत दाबून झाल्यावर मनगट झटकायला लागला. काका प्रत्येक वेळी मान हलवत. "अजून नाही जमून राहिलं. पाहू."

लोक हसायला लागले. डग एकदा कॉफीचा घोट घेत म्हणाला की हाफ-टर्नचे सगळे टर्न संपले बहुतेक. काकाही हसले. घरी येताना श्रीकांत म्हणाला, "वय झालं गं. बाहत्तर म्हणजे काही थोडं नाही." त्याचं ते समजूतदार बोलणं मला डगच्या चेष्टेपेक्षा जास्त लागलं. आमचं दार त्या दिवशीही एका बोटाने लागलं होतं.

मला गप्प बसून बघता येत नाही. मी यादीत ओळ लिहिली: 'गजभिये – क्लच – मेकॅनिक'. आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट दुरुस्तीला हरजीत नावाचा मुलगा येतो. मुलगा म्हणजे चाळिशीचा. तो स्वतः जुन्या मोटरसायकली बाळगतो. मार्चच्या मध्यावर एका रविवारी मी त्याला काकांना न सांगता घेऊन आले. सरप्राइज. आपण करतो ते बरंच करतो, अशी खात्री असलेल्या माणसांच्या हातून जे होतं तेच माझ्या हातून होणार होतं.

हरजीत गाडीपाशी उकिडवा बसला. दांडा दाबून पाहिला. उघड्या चकत्यांवरच्या चार स्प्रिंगा बोटाने चाचपल्या आणि त्याचा चेहरा उजळला.

"अंकलजी, क्लच तो एकदम बढ़िया है! स्प्रिंग ही ढीले छोड़ रखे हैं आपने. चारों को तीन-साढ़े तीन चक्कर कसना है, बस. चार मिनट का काम."

आणि त्याने फळीवरचा पेचकस उचलला.

काकांना मी आवाज चढवताना कधी ऐकलं नाही. तेव्हाही नाही. त्यांनी फक्त पुढे होऊन त्या चार स्प्रिंगांवर आपला तळहात ठेवला, तेलाने माखलेल्या चकत्यांवर, सदऱ्याची बाही तेलात.

"बेटा, हाथ मत लगाओ."

हरजीत थांबला. स्वयंपाकघराचं दार उघडंच होतं. आतून काकूंचा आवाज आला, "अवो, काय म्हणून राहिला तो?"

काका माझ्याकडे पाहत होते. असं पाहताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. कुठलीही वस्तू हातात आली की निवांत होणारा तो माणूस घाबरला होता.

"खूप कठीण काम आहे म्हणतो!" त्यांनी आत ओरडून सांगितलं.

हरजीतला मराठीचं अक्षर कळत नाही. पण त्याने काकांच्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, पेचकस जागेवर ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "हां आंटीजी! बहुत मुश्किल काम है. टाइम लगेगा."

तो बाहेर कारमध्ये जाऊन बसल्यावर काका चिंधीने हात पुसत हळूच म्हणाले, "ताई, साडेतीन फेऱ्या राहिल्या. आठवड्याले अर्धी. बरोबर मेमध्ये बसते." मग थोडं थांबून, "तिले सांगू नका बरं."

मी घरी आले, वही उघडली आणि पहिल्यांदाच ती आडवी न वाचता एकेका नावाखाली उभी वाचली. डग: मऊ, मऊ, बरा, जड, फार जड, आणि एक शिवी. मी: लोणी, ठीक, जड, मनगट दुखतं. ईशा, श्रीकांत, सगळ्यांचं तेच. स्प्रिंग जितकी कसली तितका दांडा जड. फक्त एका नावाखाली डिसेंबरपासून मार्चपर्यंत एकच शेरा होता, माझ्याच अक्षरात, चौदा वेळा. विमलकाकू: ठीक आहे. विमलकाकू: ठीक आहे. विमलकाकू: ठीक आहे.

क्लच दर आठवड्याला अर्धी फेरी जड होत होता, आणि तो हात दर आठवड्याला अर्धी फेरी घट्ट.

हा माणूस डिसेंबरात सगळ्या स्प्रिंगा सैल करून बसला. चार मिनिटांचं काम त्याने पाच महिने पुरवलं. कोर्टाने हसावं, मुलाने गाडी विकायला काढावी, डगने टोमणे मारावेत, हे सगळं खाली मान घालून घेतलं. ज्या माणसाची सारी प्रतिष्ठा पेचकसाच्या टोकावर उभी, त्याने ती पणाला लावली, आणि तीही कढीपत्त्याच्या कुंडीतल्या एका चेंडूपायी. मी 'मेकॅनिक' ही ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: 'गप्प बसणे'. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात अवघड ओळ. सात आठवडे फ्रिजवर होती. श्रीकांतला वाटलं ती त्याच्यासाठी आहे.

एप्रिलमध्ये जयंतीला काकूंनी भाताचं पातेलं दोन्ही कानांना धरून ओट्यावरून उचललं आणि टेबलावर नेलं. कुणाचं लक्ष नव्हतं. काका हॉलच्या दुसऱ्या टोकाला माईकपाशी उभे होते. स्टँड पुन्हा हळूहळू खाली सरकत होता आणि वक्ते वाकत होते. काकांना पत्ताच नव्हता. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत होते. शेवटी मी उठून तो पेच पिळला. पुरी फेरी मारली असावी, कारण तो आता उघडतच नाही म्हणे.

मेचा पहिला रविवार उजाडला. प्रशांत वॉनहून आला होता. फोनवर गाडीच्या जाहिरातीचे फोटो तयार होते, हे त्याने मला दाखवलं. डग बाहेर खुर्ची टाकून बसला होता. काकांनी काकूंना शेवटचं बोलावलं.

"विमल, दाबून पाहा न."

काकूंनी डाव्या हाताने दांडा पार हँडलला टेकेपर्यंत दाबला आणि धरला. काका ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजत होते. मी वीसपर्यंत मोजलं, कारण काका दहावर थांबायला विसरले.

"कसं आहे?"

"ठीक आहे," काकू म्हणाल्या. मी तेच लिहिलं.

"बसला," काका म्हणाले. "क्लच बसला."

त्यांनी फळीवरचं झाकण पुसून लावलं, तेल भरलं. प्रशांतने दांडा दाबून पाहिला आणि "व्हॉट द..." म्हणून पुन्हा दाबून पाहिला. मग तो आईच्या हाताकडे पाहत राहिला. फोन त्याने खिशात घातला. लाल हेल्मेट खुंटीवरून निघालं. दुसऱ्याच किकला गाडी बोलायला लागली. काकू मागे बसल्या आणि डाव्या हाताने त्यांनी काकांचा पट्टा धरला.

"घट्ट धरलं का?" काकांनी मान न वळवता विचारलं.

"धरलं," काकू म्हणाल्या. "अजून अर्धी फेरी चालली असती मले."

काकांचे खांदे जागच्या जागी थांबले. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: नाही, मी नाही सांगितलं. काकू समोर डगच्या घराकडे पाहत होत्या, जणू तिथे काहीतरी महत्त्वाचं चाललं होतं.

मग काकांनी क्लच सोडला. चाळीस वर्षं ज्या हाताने तो सोडला त्याच हाताने, आणि तो असा सुटला की गाडीने एक गचका खाल्ला, पुढे झुकली आणि बंद पडली. डगने तोंड उघडलं आणि एकदा तरी शहाणपणाने मिटलं. काका हेल्मेटची काच वर करून, बाहीने डोळे पुसत, ती तेलाची जुनी बाही, नुसतेच बसून राहिले.

मागून काकूंनी पट्टा सोडला नाही. उजव्या हाताने त्यांच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

"मारा पुन्हा किक," त्या म्हणाल्या. "मी धरून आहो."